हजेरी घ्या, पण गुण देऊ नका

नव्या सेमिस्टरच्या सिलॅबसचा साचा डिपार्टमेंटकडून आला. त्यातला उपस्थितीचा परिच्छेद बदललाय. कोरोनामुळे २०२०च्या ऑगस्टपासून तिथे असं असायचं: बरं वाटत नसेल तर वर्गात येऊ नका, फक्त ई-मेल करा, डॉक्टरांची चिठ्ठी मागितली जाणार नाही आणि या गैरहजेरीचा ग्रेडशी काही संबंध नसेल. आता एवढंच उरलंय की आजारपणाच्या गैरहजेरीसाठी वैद्यकीय कागद जोडावा. याचा इतका राग यावा असं खरं तर काही नाही. अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात मी तेव्हा टीए, म्हणजे प्राध्यापकांच्या हाताखाली वर्ग घेणारी विद्यार्थिनी होते, आता तिथेच, आपल्याकडे तासिका तत्त्वावर म्हणतात तशी, शिकवते. धोरणं ठरवणं माझ्या खात्यात येत नाही. तरी अख्खी संध्याकाळ त्यातच गेली.

पंचाहत्तर टक्के, डिफॉल्टर लिस्ट, एचओडींच्या केबिनबाहेर ताटकळणारे पालक आणि टर्म संपताना मागची तारीख घालून आणलेली मेडिकल सर्टिफिकेटं, हे तुम्हाला सांगायला नको. मीही त्यातूनच आलेय. अंगात ताप असताना प्रॅक्टिकलला हजर राहिलेल्या मुलीचं आमच्या कॉलेजात कौतुक व्हायचं, माझंही झालंय. त्यामुळे 'चिठ्ठी नको' हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, या लोकांना पोरं माहीतच नाहीत. पहिल्या आठवड्यात अर्धा वर्ग 'आजारी' पडणार.

मग झूमवर टीएंचं ट्रेनिंग झालं. हजेरी प्रत्येक तासाला घ्यायचीच, असं सांगण्यात आलं. कोण आलं तेवढंच नाही, कोण कुठल्या खुर्चीत बसलं तेसुद्धा लिहायचं. पण त्या हजेरीला एकही गुण द्यायचा नाही. मग घ्यायची कशाला, हा प्रश्न अर्थात मीच विचारला. हेल्थ ऑफिसच्या बाई म्हणाल्या, उद्या कोणी पॉझिटिव्ह निघालं तर शेजारी कोण होतं हे आम्हाला तुमच्या कागदावरूनच कळणार आहे. सीडीसी या इथल्या सरकारी आरोग्य संस्थेची 'जवळच्या संपर्का'ची तेव्हाची व्याख्या होती ६ फुटांच्या आत १५ मिनिटं. माझा तास पन्नास मिनिटांचा. शिवाय हजेरीला गुण ठेवले की पोरं ताप लपवून येतील, हेही त्यांनी सांगितलं. ते मला पटवून देण्याची गरज नव्हती.

आयुष्यभर हजेरीपट हा आपल्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच पाहिलेला. आता तो मी पेन्सिलीनं भरत होते. साठ जणांच्या खोलीत बसायला परवानगी अठरा जणांना. बाकीच्या खुर्च्यांवर निळी टेप, उरलेल्यांच्या पाठीला आकडे चिकटवलेले. पहिल्या दिवशी मिळालेली खुर्ची नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत सोडायची नाही, त्यानंतर सगळं ऑनलाइन. पण पोरं ती पोरंच. चार्जरचं सॉकेट जवळ हवं म्हणून सात नंबरवाला बारावर जाऊन बसायचा, मग खोडरबर काढा.

सप्टेंबरात एके दुपारी मेल आला: अमुक तारखेच्या वर्गाचा बसण्याचा तक्ता तासाभरात पाठवा. कोणासाठी, ते लिहिलेलं नव्हतं. संध्याकाळी वर्गातल्या दोघांचे मेल आले, आम्हाला १४ दिवस क्वारंटाइन सांगितलंय. त्या दोन खुर्च्यांच्या मधली खुर्ची कोणाची, ते तक्त्यावर दिसतच होतं. पुढच्या तासाला एकानं विचारलंच, कोण आहे? सांगायची मुभा मला नव्हती. विद्यार्थ्यांची माहिती जपणारा १९७४चा फेर्पा नावाचा कायदा इथे आहे, आणि वर्गात कोणी बाधित आहे एवढं कळवता आलं तरी नाव सांगता येत नाही. मी म्हटलं, मला सांगता येणार नाही. विषय संपला. परत कोणी विचारलं नाही, कुजबुजसुद्धा ऐकू आली नाही.

त्याच सुमारास घरी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा रिपोर्ट नाव, वय आणि मोबाइल नंबरासकट फिरत होता. मी फोनवर तावातावानं दादाला ऐकवलं. दादा तिकडे इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. तो म्हणाला, काकांच्या दारात दोन्ही वेळचा डबाही त्याच ग्रुपनं पोचवलाय, ते पण लिही तुझ्या ब्लॉगवर. तर लिहिते. इथे आयसोलेशनच्या डॉर्ममध्ये, म्हणजे वसतिगृहात, ठेवलेल्या पोरांना जेवणाचं खोकं दाराबाहेर मिळायचं. आणि आत कोण आहे हे कोणालाच माहीत नसल्यामुळे 'कसा आहेस' म्हणून विचारणारंही कोणी नसायचं. माझा मधल्या खुर्चीवाला परत आला तेव्हा मी त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्या. नियमानं मला काही माहीत नव्हतं ना!

कॉलेजांना पोरांचा फार कळवळा होता असंही कोणी समजू नये. डॉर्मचं भाडं आणि मेसचे पैसे बुडू नयेत म्हणून त्या ऑगस्टमध्ये अनेकांनी कॅम्पस उघडले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपल हिल कॅम्पसवर १० ऑगस्टला वर्ग सुरू झाले आणि १७ ऑगस्टला पदवीचे वर्ग ऑनलाइन नेत असल्याची घोषणा झाली. त्या आधी आठवडाभर पोरांना एकत्र राहायला बोलावणाऱ्यांनी दोष मात्र त्यांच्या पार्ट्यांना दिला. आमच्याकडेही रोज सकाळी अ‍ॅपवर खोकला नाही, ताप नाही, वास येतो असं लिहून दिलं की हिरवी खूण मिळायची. अंथरुणातून न उठता, डोळे न उघडता ती मिळवणारी मुलं मी पाहिली आहेत.

आणि आम्हा परदेशी मुलांना ती 'येऊ नका' वाली ओळ कधीच पुरती खरी वाटली नाही. ६ जुलै २०२० ला इथल्या इमिग्रेशन खात्यानं जाहीर केलं होतं की ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील त्या एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांनी देश सोडावा, नाहीतर प्रत्यक्ष वर्ग भरणाऱ्या कॉलेजात जावं. हार्वर्ड आणि एमआयटी ८ तारखेला कोर्टात गेले, १४ तारखेला सरकारनं माघार घेतली. नेमक्या त्याच ६ जुलैला यूजीसीनं अंतिम वर्षाच्या परीक्षा सप्टेंबरअखेर घ्याच म्हणून सांगितलं होतं. माझी आतेबहीण तेव्हा शेवटच्या वर्षाला. राज्य सरकार म्हणतंय परीक्षा नाही, यूजीसी म्हणतंय आहे, आणि २८ ऑगस्टला सुप्रीम कोर्टाचा निकाल येईपर्यंत तिनं पुस्तकं ना मिटली ना उघडली. आम्ही दोघी रात्री उशिरा एकमेकींना नुसते मेसेज टाकायचो. तिचं प्रकरण जास्त लांबलं हे मान्य, पण तिला घर सोडून जा असं कोणी म्हणालं नव्हतं.

पुढच्या वर्षी तर चिठ्ठी नको म्हणणारं कॉलेज लशीच्या चिठ्ठीवर अडून बसलं. कोव्हिशील्डवाल्यांचं निभावलं. कोव्हॅक्सिनला जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली ३ नोव्हेंबर २०२१ ला, तोवर ऑगस्टमध्ये आलेल्या मुलांना इथे पुन्हा पहिल्यापासून लस टोचून घ्यायला सांगितलं गेलं. माझ्याच वर्गात एक नाशिकची मुलगी होती. सरकारी शिक्क्याचं सर्टिफिकेट दाखवून ती परत परत सांगत होती, माझे दोन्ही डोस झालेत. मी मराठीत तिची समजूत काढली, बाकी काही करू शकले नाही.

दादाशी माझा जुना वाद आहे. त्याचं म्हणणं, वर्गात सत्तर-ऐंशी पोरं असताना विश्वास वगैरे परवडत नाही, हजेरी सोडली तर कॉलेज ओस पडेल. आणि तू तिथे बसून आम्हाला शिकवू नकोस. या शेवटच्या वाक्यावर मी नेहमी चिडते. तेव्हा परदेशात अडकलेल्यांना आणणाऱ्या 'वंदे भारत'च्या विमानानं मला येता आलं असतं, पण व्हिसाची कचेरी बंद असताना परतायचं कसं, याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं. असो. पण ओस पडण्याबद्दल तो साफ चुकीचा नाही. माझ्या भीतीप्रमाणे अर्धा वर्ग पहिल्या आठवड्यात आजारी पडला नाही, पण २०२२ नंतर शुक्रवारच्या तासाला हळूहळू तुरळक पोरं येऊ लागली. लेक्चरचं रेकॉर्डिंग मिळतंय, कारण विचारत नाहीत, मग कशाला उठायचं? २०२४च्या मार्चमध्ये सीडीसीनंही पाच दिवस वेगळं राहण्याची सूचना मागे घेतली. डिपार्टमेंटनं ओळी काढल्या त्या यामुळेच, आणि हे कारण अगदीच खोटं नाही.

तरीही माझं मत बदललेलं नाही. शुक्रवारी दांडी मारणारा चिठ्ठीसुद्धा बरोबर पैदा करतो, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक असणार? चिठ्ठीनं अडतो तो खरोखर फणफणलेला, रात्री कॅन्टीनमध्ये काम करणारा पोरगा. आणि इथल्या अनेक विद्यापीठांप्रमाणे आमचंही हेल्थ सेंटर गैरहजेरीसाठी चिठ्ठ्या देतच नाही, तशी पाटीच लावलीय काउंटरवर. मी ऑफिसला मेल करून विचारलं, मग कागद आणायचा कुठून? उत्तर आलं, कॅम्पसबाहेरच्या अर्जंट केअर दवाखान्याचा चालेल. म्हणजे साध्या तापाला पोरानं गाडी करून जायचं, विम्यानं जे दिलं नाही ते खिशातून भरायचं, आणि दोन दिवस झोपा एवढं लिहून आणायचं.

दादाला हे वाचून दाखवलं. तो म्हणाला, आपल्या फॅमिली डॉक्टरांचं लेटरहेड पाठवू का, मागची तारीख घालून देतील.