खोळंबा

चार वर्षांपूर्वी समोरच्या काकूंनी वर्तमानपत्रात गुंडाळून ब्रह्मकमळाचं एक पान दिलं. "कुठंही खोचा, येतं ते." मी ते रंगाच्या रिकाम्या डब्यात खोचलं आणि विसरलो. ते खरंच आलं. म्हणजे नुसतंच आलं. कडेला खाचा असलेली लांबच लांब चपटी पानं ग्रिलमधून बाहेर पडून खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर लोंबायला लागली. तीन पावसाळे गेले, फुलाचं नाव नाही. बायकोने त्याचं नाव 'खोळंबा' ठेवलं.

यंदा जुलैत एका खाचेत तांदळाएवढा लालसर ठिपका दिसला. दोनअडीच आठवड्यांत त्याचा देठ झाला, देठ खाली लोंबला आणि मग हत्तीने सोंड उचलावी तसा टोकाशी वर वळला. कळी टम्म फुगली की समजायचं, आज रात्री. बायकोने सोसायटीच्या ग्रुपवर निरोप टाकला: 'आज उमलणार, ज्यांना दर्शनाला यायचंय त्यांनी यावं.' दर्शनाला! फूल बघायला नव्हे.

मला झाडांविषयी वाचायची खोड आहे, आणि वाचलेलं सांगायची त्याहून वाईट खोड. खरं ब्रह्मकमळ हिमालयात, साडेतीन हजार मीटरच्याही वर उगवतं. ते सूर्यफुलाच्या कुळातलं, उत्तराखंडचं राज्यपुष्प, केदारनाथ-बद्रीनाथला वाहतात ते. आपल्या बाल्कनीतलं हे म्हणजे निवडुंग, मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं. त्याचं पान हे पानसुद्धा नाही, ते चपटं झालेलं खोड. हे सगळं मी काकूंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "असेल हो. मी हळद-कुंकू आणलंय."

मग मला आमच्या दाराचं तोरण आठवलं. दसऱ्याचा झेंडू मूळचा मेक्सिकोचा. गणपतीच्या हारातला निशिगंध तिकडचाच. देवळाच्या पारावरचा चाफा, ज्याला आपण खुशाल देवचाफा म्हणतो, तोही समुद्रापलीकडून आलेला. 1492 साली कोलंबस निघाला त्याआधी यातलं एकही फूल इकडच्या देवाला कुणी वाहिलं नसणार. देवाने नंतर कधी हरकत घेतल्याचं ऐकिवात नाही. मी गप्प बसलो.

साडेनऊला कळीचं तोंड किलकिलं झालं. बाल्कनीत उभी राहतील चार माणसं. आली अकरा, त्यातली दोघं रात्रीच्या कपड्यांवर. कुणीतरी उदबत्ती लावली. तेवढी मात्र मी बाहेर ठेवायला लावली. ज्या फुलाला एकच रात्र मिळते, त्याच्या वासावर मोगरा-चंदनाचा धूर कशाला? दिवा चालेल म्हटलं. अकराच्या सुमारास बाहेरच्या निमुळत्या पाकळ्या मागे वळल्या, आतलं पांढरं उघडं पडलं आणि वास आला. एकदम नाही, कुणी दार लोटून आत यावं तसा. फुलाच्या मधोमध पांढरी चांदणी असते. काकूंना त्यात ब्रह्मदेव दिसला, पहिल्या मजल्यावरच्या आजींना शेषनाग. मला स्त्रीकेसराचं टोक दिसलं, पण या वेळी मी ते बोललो नाही.

बाराला सगळे गेले. मी खुर्ची ओढून बसलो.

मूळ देशात हे फूल रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी उमलतं. अंधारात दिसावं म्हणून पांढरं, लांबून कळावं म्हणून एवढा वास, आणि मध लांब नळीच्या तळाशी, म्हणजे लांब सोंडेच्या पाहुण्यालाच पोचावा. इकडे तो पाहुणा येईल न येईल. माझ्या कुंडीत फळ तर धरलेलं नाही. तरी सगळी तयारी काटेकोर, काहीही कमी केलेलं नाही. मी रोज सकाळी पाच मिनिटं देवापुढे बसतो, त्यातली तीन मिनिटं मनात ऑफिस असतं. त्या फुलासमोर मला जरा लाज वाटली.

दोन वाजता रात्रपाळीचा वॉचमन फेरीवर आला. एवढ्या रात्री आमचा दिवा का जळतोय म्हणून त्याने दार वाजवलं. तो उत्तराखंडातल्या चमोलीकडचा. मी त्याला बाल्कनीत नेलं. त्याने टॉर्च मारला, लगेच विझवला. "साब, ये ब्रह्मकमल नहीं है. हमारे यहाँ ऊपर होता है, वो अलग." मी म्हटलं, मला माहीत आहे. तो "हाँ" म्हणाला, मागे सरकला, उंबऱ्यापाशी बूट काढले आणि परत येऊन हात जोडले. मग थोडा वेळ आम्ही दोघंही काही बोललो नाही.

सकाळी फूल पिळलेल्या मलमलीसारखं लोंबत होतं. बायकोने ते निर्माल्यात टाकलं आणि निर्माल्य नेहमीप्रमाणे त्याच डब्याच्या मातीत गेलं. वॉचमनने जाताना एक पान मागून नेलं होतं. ते हल्ली गेटवरच्या केबिनमध्ये, पाण्याच्या कापलेल्या बाटलीत असतं. काल बघितलं तर कडेला तांबूस कोंब फुटलाय.

"फूल कब आएगा, साब?"

"चार साल."

"ठीक है," तो म्हणाला आणि गाडीसाठी गेट उघडायला गेला.