दहावा शब्द

शुक्रवारी सकाळी आठच्या आत मी म्हापशाच्या बाजारात असते. नंतर ऊन चढतं आणि गर्दीही. काळ्या मनुका, एक नारळ, वेलची आणि जमलंच तर कोपऱ्यावरच्या बाईकडून दोन मेणबत्त्या. मिलाग्रिस सायबिणीच्या फेस्ताला लोक ज्या मेणबत्त्या घेऊन जातात, त्याच. संध्याकाळी त्याच माझ्या शब्बाथच्या, म्हणजे आम्हा यहुदींच्या शनिवारच्या विसाव्याच्या, मेणबत्त्या होतात. मनुका सकाळीच भिजत घालते, दुपारी कुस्करून गाळते. किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, आमच्याकडे वाइन नसे, मनुकांचं सरबत असे. ठाण्याला पप्पा दोन चपात्यांवर बेराखा, म्हणजे आशीर्वाद, म्हणत. इथे पोदेर, म्हणजे पाववाला, दारात येतो, म्हणून दोन उंडे घेते आणि त्यांच्यावर रुमाल झाकते.

मग दोघंच बसतो, मी आणि हे. गोव्यात आमच्या बेने इस्राएलांचं, म्हणजे कोकणातल्या यहुदींचं, एकही सिनेगॉग, प्रार्थनामंदिर, नाही. सत्तावीस वर्षांपूर्वी यांच्या नोकरीमुळे आलो, तेव्हा मला वाटलं होतं की प्रार्थना काय, घरी बसूनही होते. शेमा, म्हणजे देव एकच असल्याची ग्वाही, एकटीने म्हणता येतो, तेहिलिम, म्हणजे स्तोत्रं, एकटीने वाचता येतात. शेजारच्या आंटीच्या घरी रोज तिन्हीसांजेला तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, चालतो, त्याच वेळी मीही माझं सिद्दूर, प्रार्थनेचं पुस्तक, उघडते. दोन घरांतली दोन आमेनं मधल्या भिंतीवरून ऐकू येतात. बरीच वर्षं मला एवढं पुरलं.

कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, मात्र एकटीने म्हणता येत नाही, हे पप्पा गेल्यावर कळलं. म्हणजे माहीत लहानपणापासून होतं, पण त्याचा अर्थ तेव्हा कळला. कद्दीशमध्ये मृत्यूचं नावही नाही. अरामी भाषेतली ती देवाची स्तुती आहे, आणि तिची रचनाच अशी की एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी मध्ये मध्ये ‘आमेन, येहे शेमे रब्बा’ असं उत्तर द्यायचं. उत्तर देणारं कुणी नसेल तर ती म्हणायचीच नाही. त्यासाठी दहा जण लागतात. त्यांना मिनियान म्हणतात, आणि पप्पांच्या रिवाजात ते दहा म्हणजे तेरा वर्षांवरचे पुरुष.

आमच्या घरात दोन रिवाज एकाच चुलीवर शिजत. पप्पा मूळचे रेवदंड्याचे. तिथून ते ठाण्याला आले आणि १८७९ साली बांधलेलं तिथलं शाअर हशामाइम सिनेगॉग हेच त्यांचं घर झालं. पुरुष खाली, बायका वर सज्जात. प्रार्थना सेफार्दी, म्हणजे मूळ स्पेनकडच्या यहुदींच्या, पद्धतीची, चाली कोकणातल्या. आईचं माहेर मुंबईचं, आणि ती माणसं ज्यूइश रिलिजस युनियनची. ही उदारमतवादी मंडळी १९२५ मध्ये उभी राहिली. डॉ. जेरूशा झिराड लंडनला शिकायला गेल्या होत्या. तिथे उदारमतवादी यहुदी चळवळीच्या लिली मॉन्टेग्यू यांचं काम त्यांनी पाहिलं आणि परत आल्यावर मुंबईत तशा उपासनेचा पाया घातला. पुढे त्याच मंडळींचं रोदेफ शालोम सिनेगॉग झालं. आई सांगायची की तिथे ती वडिलांच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि पुस्तकाचं पान तीच उलटायची. लग्नानंतर ती सज्जात जाऊन बसली. कधी तक्रार केली नाही. पण सकाळच्या प्रार्थनेत पुरुष ‘मला स्त्री केलं नाहीस म्हणून तू धन्य’ असं म्हणतात, ते पप्पा घरी मोठ्याने म्हणू लागले की ती उठून गॅसपाशी जायची. थोड्या वर्षांनी पप्पा तेवढी ओळ मनात म्हणायला लागले. दोघांमध्ये त्यावर काही बोलणं झालं असेल तर ते आम्हा मुलांसमोर झालं नाही.

पप्पा २०१९ च्या जानेवारीत गेले, यहुदी पंचांगातल्या शेबात महिन्याच्या तेराव्या दिवशी. दादा इस्राएलमधल्या अश्दोदहून आला, सात दिवस ठाण्यात सुतकात बसला, परत गेला आणि तिकडे अकरा महिने रोज सिनेगॉगमध्ये जाऊन कद्दीश म्हणत राहिला. त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. मी म्हापशाला परतले तेव्हा हात रिकामे रिकामे वाटत होते.

किनाऱ्याकडे इस्राएली मुलामुलींसाठी एक प्रार्थनेची जागा होती. सैन्यातली नोकरी संपवून गोव्यात येणारी ती मुलं, आणि त्यांच्यासाठी राबणारे हसिदी या कर्मठ पंथाचे एक रब्बी, म्हणजे धर्मगुरू, आणि त्यांची बायको. आमच्या यांनी तिथे फोन केला. रब्बींनी लगेच सांगितलं, ‘गुरुवारी या, तुमच्या सासऱ्यांसाठी मिनियान जमवतो.’ कोण कुठली आम्ही माणसं, पण त्यांच्या बायकोने माझ्यासाठी सूप करून ठेवलं होतं. मी बसले तेव्हा तिने माझा हात हातात धरला, तो बराच वेळ सोडला नाही.

यहुदी माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, असा जुना रिवाज आहे. दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं आणि प्रत्येकावर एकेक शब्द ठेवायचा. अठ्ठाविसाव्या स्तोत्रातली ओळ आहे ती. तुझ्या लोकांना तार, तुझ्या वारशाला आशीर्वाद दे, त्यांचा सांभाळ कर, त्यांना उचलून धर सदासर्वकाळ. ‘होशिया एत अमेखा’ पासून ‘अद हाओलाम’ पर्यंत. रब्बी एकेकाकडे बघत म्हणत गेले. यांच्यावर ‘नहलातेखा’ आला. शेवटच्या मुलावर ‘अद’ आला आणि शब्द थांबले. अद म्हणजे पर्यंत. हाओलाम उरला.

मी पडद्याच्या अलीकडे उभी होते. हेब्रू मला पप्पांनी शिकवलं, कद्दीश मला तोंडपाठ आहे. तिथे मेलेला माणूस माझा बाप होता. पण हाओलाम माझ्यावर ठेवायचा नव्हता. एक मुलगा बाहेर गेला आणि पंधरा-वीस मिनिटांनी किनाऱ्यावरून आणखी एकाला घेऊन आला. अनवाणी, केस ओले, गळ्यात शंखांची माळ. त्याने कुणाची तरी टोपी डोक्यावर ठेवली. आमेन कुठे म्हणायचं ते त्याला शेजारचा सांगत होता. यांनी कद्दीश म्हटलं. मी पडद्यामागून हळू आवाजात सोबत म्हटलं. रब्बींच्या बायकोने तेवढं चालेल म्हणून सांगितलं होतं.

त्या पोराबद्दल माझ्या मनात काही नाही. पोहायचं सोडून तो एका अनोळखी म्हाताऱ्यासाठी आला. जाताना माझ्याजवळ येऊन हेब्रूत काहीतरी म्हणाला, त्यातलं ‘आबा’ एवढंच मला लागलं, म्हणजे वडील. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. दहावा शब्द मिळेपर्यंत सगळे थांबले होते आणि मी तिथेच होते.

एक मात्र त्या दिवशी फार गोड झालं. मला वाटलं होतं की पूर्व युरोपातून आलेल्या हसिदींचं कद्दीश आमच्यापेक्षा निराळं असणार. उच्चार निराळे होतेच. पप्पा शेमामध्ये ‘एहाद’ म्हणत, म्हणजे एक. ही मुलं ‘एखाद’ म्हणतात, आणि मराठी कानाला ‘एखादा’ आठवतो. पण कद्दीशमध्ये मशीहाच्या येण्याची जी ओळ आम्ही म्हणतो, ‘वेयात्समाह पुर्काने’, ती त्यांनीही म्हटली. युरोपातले इतर पुष्कळ यहुदी ती म्हणत नाहीत. हसिदींनी इस्राएलमधल्या सफेद गावच्या संतांच्या मागे जाऊन सेफार्दी वळणाची प्रार्थना घेतली, त्यातून ती ओळ त्यांच्याकडे आली. रेवदंड्याच्या पप्पांची ओळ त्या वाटेने फिरून किनाऱ्यावर मला भेटली.

त्यानंतर दादाशी फोनवर बरीच भांडणं झाली. भांडण म्हणजे तो शांतपणे सांगतो आणि मी चिडते. तो म्हणतो, नियम आवडीनिवडीवर ठरत नाहीत. हे मला पटतं. पण मी त्याला आपलीच गोष्ट सांगते. एकोणिसाव्या शतकात बगदादी यहुदी मुंबईत स्थिरावले आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांनी पुढे बेने इस्राएलांना मिनियानमध्ये धरायचं नाकारलं. शतकानुशतकं कोकणात तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनवार तेली. शेमा सोडून बाकी पुष्कळसं विसरलेले, पण शेमा न विसरलेले. ती माणसं दहातली एक धरायला पुरेशी नव्हती. मग इस्राएलमध्ये तेच. १९६२ मध्ये तिथल्या मुख्य रब्बींनी फर्मान काढलं की बेने इस्राएलांशी लग्न लावायच्या आधी त्यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा. आमचा एक काका तेव्हा बीरशेबाला होता. १९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसली, तेव्हा कुठे सरकारने जाहीर केलं की बेने इस्राएल सर्व बाबतीत यहुदीच आहेत. काकाची त्या दिवसांतली पत्रं पप्पांनी शेवटपर्यंत जपली होती. एका पत्रात एवढंच होतं, ‘आम्हाला मोजत नाहीत रे.’

हे वाक्य ज्यांच्या घरात कपाटात ठेवलेलं आहे, त्यांनी आपल्या लेकीला कसं मोजू नये, हा माझा दादाला प्रश्न आहे. अमेरिकेतल्या कॉन्झर्व्हेटिव्ह पंथाने १९७३ मध्ये बायकांना मिनियानमध्ये धरायची मोकळीक दिली, रिफॉर्म मंडळींनी त्याच्या कितीतरी आधी. धर्म तिथे बुडाला नाही. दादा म्हणतो, ‘तिकडची पोरं मोठी झाल्यावर सिनेगॉगमध्ये किती दिसतात ते बघ.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. त्याच्या सिनेगॉगमध्ये पहाटे सहाला तीस माणसं असतात.

पणजीला गेले की मी गार्सिया द ओर्ताच्या बागेत दहा मिनिटं तरी बसते. लोक तिथे थंडगार काहीतरी पीत बसलेले असतात. हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. वरून ख्रिस्ती, आतून यहुदी. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला ग्रंथ गोव्यातच १५६३ साली छापला गेला. तो १५६८ मध्ये वारला आणि पुढच्याच वर्षी इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. १५८० मध्ये त्याची हाडं उकरून तीही जाळली. पप्पांच्या रेवदंड्यातही त्याच पोर्तुगीजांचा किल्ला आहे. बागेत बसले की मला कातारिनाची आठवण येते. दारं लावून, आवाज दाबून म्हटलेली प्रार्थना, आणि भावासाठी आमेन म्हणायला बहुतेक तीच एक.

या वर्षी शेबातच्या तेराव्याला मी ठरवलं की घरीच करायचं. मुलगा आणि सून पुण्याहून आले. वास्कोहून एक निवृत्त जोडपं आलं, आमच्यातलंच. मडगावची यांची मावसबहीण आली. आसगावला भाड्याने राहणाऱ्या दोन इस्राएली मुली आल्या. त्यांतल्या एकीने माझं मंगळसूत्र बघून विचारलं, तुम्ही लग्नानंतर यहुदी झालात का. मी तिला शेजारी बसवून नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या आमच्या पूर्वजांच्या गलबतापासून सगळं सांगितलं. आणि लंडनचे एक आजोबा आले, हिवाळ्यापुरते पणजीत राहायला आलेले, लंडनमधल्या लिबरल सिनेगॉगचे. मलिदा, आमचा प्रसाद, मी दुपारीच केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, काजू, भोवती केळी, सफरचंद, चिकू, खजूर. दोनच दिवसांनी एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया संदेष्ट्याचा, उरूस होता, त्यामुळे त्याचंही गाणं म्हणायचं होतं.

आदल्या दिवशी दादाला फोन केला. तो म्हणाला, ‘मी त्याला मिनियान मानत नाही.’ मी म्हटलं, माहीत आहे. थोडा वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, ‘किती वाजता?’

साडेसातला टेबलावर फोन उभा केला, तेव्हा तिकडे चार वाजले होते आणि दादा टोपी घालून बसलेला होता. मी वचन म्हणायला लागले. होशिया स्वतःवर ठेवला. चार पुरुष, सहा बायका. ‘अद’ सुनेवर आला. ‘हाओलाम’ त्या मंगळसूत्रवाल्या प्रश्नाच्या मुलीवर आला, आणि तिला ते कळल्यावर ती एकदम ताठ उभी राहिली.

मग मी कद्दीश म्हटलं. मोठ्याने, पहिल्यांदा. ‘यितगदाल वेयितकदाश’ या पहिल्याच शब्दांना आवाज फाटला, पुढे सापडला. आजोबांचं आमेन इंग्रजी वळणाचं, मुलींचं इस्राएलचं, वास्कोच्या काकांचं थेट ठाण्याच्या सिनेगॉगसारखं. दारात आंटी ताटली घेऊन उभी होती, मलिदा न्यायला बोलावलं होतं तिला. तिचंही आमेन आलं.

दादाचा माइक बंद होता. फोनचा पडदा लहान, त्यात माझे डोळे भरलेले. त्याचे ओठ हलले का, ते मला नीट दिसलं नाही. फोन ठेवताना तो म्हणाला, ‘उच्चार पप्पांसारखे आहेत तुझे.’ आमेन म्हटलंस का, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.