तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅग्नोस्टस ट्रायलोबाइट आहे की नाही?

"मॅडम, हो की नाही, एवढंच सांगा." जुने विद्यार्थी भेटले की हटकून हाच प्रश्न, आणि विचारताना ओठांच्या कोपऱ्यात हसू. ते कशाचं, मला ठाऊक आहे. तेव्हा सांगूनच टाकते. ट्रायलोबाइट म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्रातले, आता नामशेष झालेले कवचवाले प्राणी; बहुतेकांना डोळे आणि छातीला बरेच खंड. अ‍ॅग्नोस्टस हा तशाच जुन्या समुद्रातला एक चिमुकला जीव.

सांगलीत तोंडी परीक्षा चालू होती. आपल्या काळ्या कातळात हा मिळायचा नाही, म्हणून कपाटातला प्लास्टरचा ठसा पुढे ठेवला. पोरानं लगेच ओळखला. "अ‍ॅग्नोस्टस. ट्रायलोबाइट." मी नुकताच म्युलर आणि वालोसेक यांचा 1987 चा प्रबंध वाचला होता. स्वीडनच्या चुनखडीतून आम्लानं सोडवलेली, पायांसकट टिकलेली अ‍ॅग्नोस्टसची पिल्लं! ते पाय ट्रायलोबाइटांसारखे नाहीत, खेकडा-कोळंबीच्या घराण्याकडे झुकतात, असं त्यांचं म्हणणं. माझ्या अंगात तेच भिनलेलं.

"डोळे दाखव."

"नाहीत."

"छातीचे खंड किती?"

"दोन."

"मग कसला रे ट्रायलोबाइट?"

बाकीची पोरं हसली. तो खाली बघत हळूच म्हणाला, "पुस्तकात तसंच आहे, मॅडम." मी दोन गुण कापले. पुढच्या वर्षी त्यानं विषय सोडला. आता हळदीच्या पेढीवर असतो. गेलं की चहा पाजतो, जुनं काही काढत नाही. तेच जास्त लागतं.

दोन गुणांसाठी कोणी विषय सोडतं का? आणि नवं वाचून शिकवणं हा काय गुन्हा? पण आंधळे ट्रायलोबाइट इतरही आहेत, हे मला तेव्हाही माहीत होतं. डोळ्यांचा प्रश्न मी पोराला अडवायलाच विचारला होता.

2019 मध्ये मॉयसियुक आणि कॅरन यांनी कॅनडाच्या बर्जेस शेल या खडकातले अ‍ॅग्नोस्टसच्याच गटाचे नमुने तपासले. पाय, स्पृशा, आतडं, सगळं पाहून त्यांनी या गटाला ट्रायलोबाइटांच्या सख्ख्या भावंडांत बसवलं. म्हणजे पोरगं बरोबर? भावंडाला तेच आडनाव लावायचं का, हा पुन्हा भावकीचा वाद. नावाचाच अर्थ 'अज्ञात', त्याला मी काय करू?

जगण्याचंही तेच. गटातल्या काही जाती दूरदूरच्या खंडांवर सापडतात म्हणून कोणी त्यांना तरंगते म्हणतं, कोणी तळच्या गाळावर बसवतं. मी वर्गात 'तरंगते' असं ठासून लिहून द्यायचे.

परवा पेढीवर गेले तेव्हा तो ठसा पिशवीत होता. चहा झाला, हळदीचा भाव बोलून झाला. ठसा पिशवीतूनच घरी आला.