तुम्ही विचारलंत म्हणून: शंभर जणांची इमारत का बांधत नाही?

गेल्या महिन्यात रेणापूर तालुक्यातून एका आजींचा फोन आला. त्यांचं वय 71, मुलाचं 43. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, जोडीला फिट्स. आमच्या घरांत जागा नाही म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "माय, मग मोठी बिल्डिंग कामून बांधीत नाही? शंभर लेकरांची सोय होईल की." हाच प्रश्न देणगी द्यायला आलेले व्यापारी विचारतात, विशेष शाळेतले माझे जुने सहकारीही विचारतात. बौद्धिक अक्षमता किंवा स्वमग्नता (ऑटिझम) असलेल्या मोठ्या माणसांसाठी लातुरात आमची भाड्याची दोन घरं आहेत आणि दोन्हींत मिळून 11 जण राहतात. प्रतीक्षायादी त्याच्या कितीतरी पट लांब आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. आजींना फोनवर नीट उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहिते.

मी आधी विशेष शाळेत शिकवायचे. ती शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढं मोठ्या वयाच्या दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या कर्मशाळेत नंबर लागला तर लागला, नाहीतर घरी बसायचं. माझ्या वर्गातला एकजण चहा करायला शिकला होता. आधण, साखर, पत्ती, दूध हा क्रम बसायला सहा महिने लागले. वडील गेल्यावर नातेवाइकांनी त्याला दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका मोठ्या निवासी संस्थेत ठेवलं. दोन वर्षांनी मी भेटायला गेले. जागा स्वच्छ होती, जेवण पोटभर होतं, कुणी मारत नव्हतं. मी म्हटलं, "माझ्यासाठी चहा करतोस का?" तो म्हणाला, "घंटा नाही झाली." स्वयंपाकघरात जायची तिथं कुणालाच मुभा नव्हती. दीडशे जणांचा स्वयंपाक होतो तिथं ती देताही येणार नाही, हे मला कळत होतं. त्या लोकांवर माझा राग नाही. पण सहा महिन्यांत हाताला लागलेली गोष्ट दोन वर्षांत गेली होती. आता तो आमच्याकडं राहतो. दुसऱ्यांदा चहा शिकायला त्याला सव्वा वर्ष लागलं.

पहिलं घर आम्ही 2014 साली घेतलं. कितीतरी घरमालकांनी नाही म्हटल्यावर एका निवृत्त तलाठ्यांनी तळमजला दिला. गल्लीतले लोक मात्र पहिली दोन वर्षं आपली पोरं आमच्या फाटकापासून लांब ठेवायचे. मग 2016 चा उन्हाळा आला. लातूरकरांना तो वेगळा सांगायला नको. मार्चमध्येच पाण्याच्या टाक्यांभोवती 144 कलम लागलं, एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला 5 लाख लिटर. आमच्या गल्लीत टँकर कधी येईल याचा नेम नसायचा. बाया घागरी, ड्रम रांगेत लावून कामाला जायच्या आणि परत आल्या की नंबरावरून भांडणं व्हायची.

आमच्या घरात एक स्वमग्न दादा आहेत, तेव्हा छत्तिशीचे. वस्तू ओळीत लावायची सवय त्यांना लहानपणापासून. ती मोडावी म्हणून शाळेत आम्हीच फार खटपट केली होती, त्याचं आज वाईट वाटतं. दादा रांगेपाशी जाऊन बसायला लागले. कुणाची घागर कुठली, कुठल्या हंड्याला पोचा आहे, कुठला ड्रम कुणाच्या मागं, सगळं पाठ. एखादं भांडं पुढं सरकलेलं दिसलं की ते उचलून परत जागेवर ठेवायचे, मग भांडं कुणाचंही असो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी समोरच्या काकूंनी त्यांच्यासाठी लिंबाच्या सावलीत खुर्ची आणून ठेवली. मग बाया निर्धास्त कामाला जायला लागल्या. गल्लीत त्यांचं नाव 'पाणीवाले दादा' पडलं, ते आजही तसंच आहे. त्यांना ताप आला तर गल्लीतल्या घरांतून विचारणा होते.

शंभर जणांची इमारत असती तर तिला स्वतःची बोअर असती, स्वतःची टाकी असती, आणि भोवती कुंपणाची भिंत. दादा त्या भिंतीच्या आत राहिले असते आणि गल्लीला त्यांची कधी गरज पडली नसती.

त्याच वर्षी डिसेंबरात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम मंजूर झाला. त्याच्या पाचव्या कलमात दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क दिला आहे, आणि अमुक एका व्यवस्थेतच राहिलं पाहिजे अशी सक्ती त्याच्यावर होऊ नये यासाठी सरकारनं प्रयत्न करावा, असंही म्हटलं आहे. मला हे कलम फार मोलाचं वाटतं. मोठ्या इमारतींचा अनुभव इतरांनी घेऊनही झाला आहे. न्यूयॉर्कमधली विलोब्रुक ही बौद्धिक अक्षमता असलेल्यांची सरकारी निवासी संस्था 4,000 जणांसाठी होती, 1965 पर्यंत तिथं 6,000 जण कोंबले गेले. 1972 मध्ये टीव्हीवर आतली दृश्यं दिसली आणि लोक हादरले. 1987 मध्ये ती बंद झाली. ती बांधली तेव्हाही आईबापांची गरज खरीच होती.

सहा जणांच्या घरात भाजी कोणती करायची यावर वाद घालता येतो. पन्नास जणांच्या घरात पाटी लागते. आमच्यातले एकजण गंजगोलाईच्या बाजारातून भाजी आणतात. तिथं 16 रस्ते फुटतात, सगळे सारखेच दिसतात. पहिल्यांदा ते चुकले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आता ते मधल्या जगदंबेच्या देवळाला वळसा घालून आपला रस्ता बरोबर धरतात. घराची किल्ली त्यांनी करदोड्याला बांधली आहे. अंघोळीलाही काढत नाहीत.

आणि जिवाचाही प्रश्न आहे. आमच्या एका अक्कांना डाउन सिंड्रोम आहे, वय 44. मागच्या वर्षी त्या वरणात दोनदा मीठ टाकायला लागल्या. सोबत स्वयंपाक करणाऱ्या ताईंच्या ते आठवड्याभरात लक्षात आलं. डाउन सिंड्रोममध्ये अल्झायमर, म्हणजे स्मृती जाण्याचा आजार, फार लवकर, चाळिशी-पन्नाशीतही गाठू शकतो, म्हणून आम्ही घाबरलो. तपासणीत थायरॉइड निघाला. तोही त्यांच्यात खूपदा आढळतो. गोळ्या सुरू केल्या, आता बऱ्या आहेत. 1983 च्या सुमारास अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान 25 वर्षं होतं, आज ते 60 च्या आसपास आहे. आपल्याकडंही आईबापांच्या माघारी म्हातारी होणारी माणसं आता घरोघरी दिसतात. अक्कांच्या हातून मीठ दोनदा पडलं, हे दिसायला शेजारी कुणीतरी उभं असावं लागतं.

आता पैशाचं. एका आडत व्यापाऱ्यांनी औसा रोडला जमीन आणि तिच्यावर इमारत बांधून द्यायची तयारी दाखवली होती. मी त्यांना म्हटलं, इमारतीऐवजी दोन ताईंचा पाच वर्षांचा पगार द्या. ते दुखावून गेले, पुन्हा आले नाहीत. मला त्याची रुखरुख आहे. पण कोनशिला पगाराला बसवता येत नाही, आणि घर चालतं ते पगारावर. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत 1 लाखापर्यंत आरोग्य विमा मिळतो, त्याचा मोठा आधार आहे. पण रात्री जागं राहणारं माणूस विम्यातून येत नाही. फिट आली तर कांदा-चप्पल हुंगवायची नाही, तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या पुढं गेली तर तडक दवाखाना. हे पहाटे तीन वाजता न गडबडता करणारी ताई तयार व्हायला वर्ष लागतं, आणि पगार पुरला नाही की ती दुसरीकडं जाते. शंभर जणांसाठी अशी माणसं मी कुठून आणू? ती नसली की मग कुलपं येतात.

यातलं काहीच रेणापूरच्या आजींच्या कामाचं नाही, हे मला माहीत आहे. त्यांना आज जागा हवी आहे. आमच्या हट्टापायी त्यांचा मुलगा बाहेर राहतो, असं कुणी म्हटलं तर मला ते खोडून काढता येत नाही. सध्या एवढंच केलंय की महिन्यातून एक रात्र दोघांनी मुक्कामाला यायचं, म्हणजे त्याला घराची सवय होईल. मागच्या शनिवारी ती दोघं पहिल्यांदा आली. तो रात्रभर झोपला नाही, पायात चप्पल घालून दारापाशी बसून राहिला. रात्रपाळीच्या ताईही त्याच्याजवळ बसून राहिल्या. सकाळी आजी म्हणाल्या, "येळवस झाली की परत आणते त्याला." येळवस म्हणजे आमच्याकडचा वेळ अमावास्येचा सण.

तोवर तिसरं घर बघायचं आहे. बार्शी रोडला एक तळमजला आहे, मालक अजून हो म्हणालेले नाहीत. परवा मी पाणीवाल्या दादांना सोबत घेऊन त्यांच्याकडं जाणार आहे.