तुम्ही विचारलंत म्हणून: एका थराचं चुंबकत्व खरं कशावरून मानायचं?

धातू आणि सेंद्रिय रेणूंचं जाळं सोलून एका थरावर आणलं तर ते चुंबक राहतं का, असं वारंवार विचारलं जातं. राहू शकतं. अवघड आहे ते सिद्ध करणं, आणि घाई नेमकी तिथेच होते.

1966 साली मर्मिन आणि वॅग्नर यांनी दाखवलं, की द्विमितीत स्पिनना (अणूंच्या सूक्ष्म चुंबकांना) सगळ्या दिशा सारख्या असतील आणि आंतरक्रिया जवळपासचीच असेल, तर शून्य केल्व्हिनच्या वर दूरवरचा क्रम, म्हणजे साऱ्या थरभर स्पिनची एकसारखी मांडणी, टिकत नाही. पण एखाद्या दिशेकडे थोडासा कल असला तरी पुरतं. क्रोमियम ट्रायआयोडाइडचा एकच थर 45 केल्व्हिनपर्यंत फेरोमॅग्नेट (सगळे स्पिन एकाच दिशेला) राहतो, हे 2017 मध्ये दिसलं. सेंद्रिय जाळ्यात धातूचे अणू एकमेकांपासून सुमारे 7 अँगस्ट्रॉम (0.7 नॅनोमीटर) दूर असतात. मधला रेणू नुसताच बसून राहिला तर आंतरक्रिया क्षीण होते. म्हणून त्या रेणूलाच इलेक्ट्रॉन देऊन रॅडिकल (जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असलेला, म्हणून स्वतःचा स्पिन असलेला) करतात. क्रोमियम-पायराझिनचं असं थरयुक्त जाळं सुमारे 55 केल्व्हिनखाली फेरीमॅग्नेट (स्पिन उलटसुलट, पण असमान, म्हणून चुंबकत्व उरतं) होतं. लिथियम वापरून आणखी इलेक्ट्रॉन दिल्यावर 2020 मध्ये ही मर्यादा सुमारे 515 केल्व्हिनवर गेली. मात्र हे दोन्ही आकडे पावडरचे आहेत, एका थराचे नव्हेत.

आता मोजमाप. 10 मायक्रॉन बाजूच्या एका थरात साधारण 20 कोटी क्रोमियम अणू. प्रत्येकी 2 बोर मॅग्नेटॉन (अणूच्या चुंबकत्वाचं एकक) धरले तर एकूण 4×10⁻¹² ईएमयू (नमुन्याच्या चुंबकत्वाचं एकक). स्क्विड मॅग्नेटोमीटरला (चुंबकत्व मोजणाऱ्या अतिसंवेदनशील उपकरणाला) साधारण 10⁻⁸ लागतात. म्हणून एकट्या तुकड्यासाठी केर परिणाम (चुंबकावरून परतलेल्या प्रकाशाचं ध्रुवण फिरणं) किंवा हिऱ्यातले एनव्ही दोष (चुंबकीय क्षेत्र टिपणारे नायट्रोजन-रिक्त जागेचे दोष) वापरावेत.

स्क्विडमध्ये हजारो तुकडे एकत्र मोजत असाल तर स्टीलचा चिमटा बाजूला ठेवा. लोखंडाचा 2 मायक्रॉनचा एक कण अशा दीड-दोन हजार तुकड्यांइतका सिग्नल देतो! हिस्टेरिसिसचा फास (क्षेत्र वाढवताना आणि कमी करताना चुंबकत्वाचे वक्र वेगळे पडून होणारा) 300 केल्व्हिनलाही तसाच उरला, तर आधी या कणावर संशय घ्यावा. चेंबरमध्ये राहिलेला ऑक्सिजन त्याहून फसवा, कारण तो स्वतःच चुंबकाला प्रतिसाद देतो: तो 54.4 केल्व्हिनला गोठतो आणि 43.8 ला पुन्हा रूप बदलतो, म्हणजे ऐन 55 च्या शेजारी चुंबकत्व-तापमानाच्या वक्रात उंचवटा. नमुना खोलीच्या तापमानाला आणून चेंबर हेलियमने चार-पाच वेळा धुवा आणि पुन्हा मोजा; रिकाम्या होल्डरचा वक्रही त्याच चुंबकीय क्षेत्रात घ्या. उंचवटा धुतल्यावर बसला, किंवा रिकाम्या होल्डरमध्येही दिसला, तर ते तुमचं क्यूरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्वाचा क्रम संपतो ते) नाही.