गावदेवी वर की जलदुर्गा?

दापोली तालुक्यातल्या एका मच्छीमार सोसायटीला उचल वाटण्यासाठी यादी हवी होती. कोणत्या होडीला फेरीमागे सरासरी किती माल मिळतो ते काढायचं, जास्तवाली वर. नोंदी टेक्स्ट फाइलमध्ये, एका ओळीत एक होडी: आधी नाव, मग पाच दिवसांचे किलो, मध्ये स्वल्पविराम. पायथॉन या प्रोग्रामिंगच्या भाषेत क्रम लावणं एका ओळीचं काम. क्रम लावणाऱ्या सॉर्टेडला सरासरी काढणारं फंक्शन 'की', म्हणजे क्रमाचा निकष, म्हणून द्यायचं आणि मोठं आधी यावं म्हणून रिव्हर्स ट्रू करायचं. कटकट सगळी त्याच्या आधीची.

विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवली आहेत ते, सांगितलंच पाहिजे, नाहीतर देवनागरी नावांवर अडतं. यूटीएफ-८-सिग द्यावं, कारण नोटपॅड कधीकधी फाइलीच्या सुरुवातीला न दिसणारी खूण घालतो आणि ती पहिल्या होडीच्या नावाला चिकटते. आकडे मराठीत होते त्याची चिंता नाही. मजकुराचा आकडा करणारा फ्लोट '४२०' सरळ वाचतो. मात्र दोन दशांश छापायचे म्हणून सरासरीचा आधीच मजकूर केला, तर तुलना पहिल्या अक्षरापासून होते आणि ९५ किलो २८८च्या वर जाऊन बसतात. क्रम आधी, छपाई नंतर.

एका ओळीत पाचाऐवजी सहा आकडे निघाले. कुणीतरी '१,१२०' लिहिलं होतं. स्वल्पविरामावर ओळ तोडणाऱ्या स्प्लिटने त्याचे १ आणि १२० केले. एरर नाही, काही नाही, सरासरी मात्र कोसळलेली. म्हणून प्रत्येक ओळीतले रकाने मोजायचे. कमीजास्त भरले की ओळ बाजूला काढायची.

खरी अडचण रेघेची. 'गावदेवी'ची ओळ अशी: ४२०, –, ३१०, –, ३८५. 'जलदुर्गा'ची: ३००, २८०, ३१०, २६०, २९०, म्हणजे सरासरी २८८. आता गावदेवीचे १११५ किलो कितीने भागायचे? दोन्ही रेघा म्हणजे होडी गेलीच नाही असं धरलं, तर तीनने: ३७१.६७, गावदेवी वर. एका दिवशी जाऊन रिकामी आली असेल, तर चारने: २७८.७५, जलदुर्गा वर. लिहिणाऱ्याने दोन्हींसाठी एकच रेघ वापरलेली, आणि आपल्याकडे वहीला कुणी प्रश्न विचारत नाही.

'रेघेच्या जागी नॅन टाका' असा सल्लाही मिळाला. नॅन म्हणजे 'हा आकडा नाही' असं सांगणारी किंमत. असले सल्ले देणाऱ्यांनी निकाल कधी तपासलेला नसतो. एक नॅन आला की बेरीज नॅन, सरासरी नॅन. नॅनशी केलेली लहानमोठ्याची प्रत्येक तुलना खोटी ठरते, आणि सॉर्टेड मुकाट्याने भलताच क्रम देतो.

उत्तर डिझेल आणि बर्फाच्या वहीत होतं. ज्या दिवशी होडीने बर्फ उचलला त्या दिवशी ती गेली; तिथे ०. नाही उचलला तर रकाना कोरा, आणि कोरे रकाने भागाकारातून वगळायचे. गावदेवीने एका रेघेच्या दिवशी बर्फ घेतला होता, म्हणून ती २७८.७५ वर आली. नावाशेजारी फेऱ्यांची संख्याही छापली, कारण एकाच फेरीत ६०० किलो आणणारी होडी उगाच डोक्यावर बसते. सरासरी सारखी आली तर सॉर्टेड फाइलीतला क्रम तसाच ठेवतो, आणि तिथे लगेच 'आमची खाली का' सुरू होतं. दोघांना एकच क्रमांक द्यावा.

गावदेवीच्या नाखव्याचं म्हणणं वेगळं: त्या दिवशी बर्फ भरला, पण इंजिन बंद पडून होडी खाडीच्या तोंडावरूनच परतली, जाळं पाण्यात पडलंच नाही. ती फेरी की नाही? प्रोग्राममध्ये तेवढ्यासाठी एक खूण ठेवली आहे. ती काढली की गावदेवी वर जाते. कमिटीने अजून काही कळवलेलं नाही.