रीड-ओन्लीची टिक कोणी लावली होती?

पाचपाखाडीतल्या आमच्या 28 घरांच्या सोसायटीची खजिनदारकी एप्रिलमध्ये माझ्याकडे आली. आधीच्या खजिनदार काकांचा कॉम्प्युटर त्याच आठवड्यात बंद पडला. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती. दुरुस्तीवाल्याने ती काढून यूएसबीच्या डबीत घालून दिली.

डिस्क माझ्या लॅपटॉपला लावली, तर काकांच्या फोल्डरवर पहिला अडथळा: परवानगी नाही. एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने मांडलेल्या डिस्कवर प्रत्येक फाइलच्या मालकाची नोंद नावाने नाही, लांबलचक क्रमांकाने असते. तो क्रमांक जुन्या कॉम्प्युटरने दिलेला, माझा लॅपटॉप त्याला कुठून ओळखणार? ‘कंटिन्यू’ दाबलं, हिरवी पट्टी बराच वेळ सरकत राहिली आणि फोल्डर उघडला. सगळं डी ड्राइव्हवर कॉपी करून घेतलं. कॉपी केलेल्या फाइलना नव्या जागेचेच नियम लागतात, त्यामुळे परवानगीचा प्रश्न तिथे संपला.

गेल्या वर्षाच्या एक्सेलची प्रत काढून तिला नवं नाव दिलं आणि एप्रिलची बिलं भरायला बसले. सेव्ह होईना! वर नावाशेजारी ‘रीड-ओन्ली’, म्हणजे फक्त वाचा, बदलू नका. एक्सेल सांगत होतं, दुसऱ्या नावाने ठेवा. मी ठेवत गेले. दोन दिवसांत ‘एप्रिल नवीन’, ‘एप्रिल नवीन 2’ आणि ‘एप्रिल फायनल’ अशा तीन फाइल झाल्या, आणि एकाच फ्लॅटची थकबाकी दोन फाइलींत वेगळी दिसायला लागली. तेव्हा मात्र मी घाबरले. हे लोकांचे पैसे आहेत.

फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज पाहिलं. रीड-ओन्लीच्या चौकटीत बरोबरची खूण नव्हती, भरीव चौकोन होता. मुद्दाम एक नवा रिकामा फोल्डर केला, तर त्यावरही तोच चौकोन. म्हणजे फोल्डरवरचा हा चौकोन आतल्या फाइलींबद्दल काहीच सांगत नाही. बघायचं ते एकेका फाइलचं.

सगळ्या फाइल एकदम बघायला कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजला लिहून आज्ञा द्यायची खिडकी, बरी. त्या फोल्डरमध्ये जाऊन नुसतं ‘अ‍ॅट्रिब’ लिहिलं आणि पुढे स्लॅश एस दिलं, की आतल्या सगळ्या फाइलींची यादी येते. जिच्यापुढे आर, ती रीड-ओन्ली. यादी डोळ्यांखालून घातली तेव्हा जाणवलं, की आर वाटेल तिथे नाही. प्रत्येक वर्षाच्या हिशेबाच्या फाइलवर आहे. नोटिसा, पत्रं, सभासदांची यादी यांच्यावर नाही. हे कॉपी करताना बिघडलेलं दिसत नव्हतं.

काकांना फोन लावला.

“काका, वर्षाच्या फाइली तुम्ही लॉक केल्या होत्या का?”

“अगं हो, 31 मार्चची शेवटची नोंद झाली की मी टिक करून टाकायचो. चुकून कोणाचा हात लागून आकडा बदलायला नको.”

कॉपी करताना ती टिक फाइलबरोबरच येते. दुसऱ्या डिस्कवर नेली तरी, आणि मी केलं तशी नव्या वर्षासाठी प्रत काढली तरी. काकांची टिक माझ्या एप्रिलच्या फाइलवर बसली होती.

तोवर मी सगळ्या फोल्डरवरून एका फटक्यात आर काढणारी कमांड लिहून ठेवली होती. ती पुसली. फक्त नव्या वर्षाच्या फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन टिक काढली आणि अप्लाय दाबलं. सेव्ह झाली. मग पावतीपुस्तक समोर ठेवून तिन्ही फाइलींतल्या रकमा एकेक करून ताडून पाहिल्या, बरोबर त्या नव्या फाइलमध्ये घेतल्या, आणि जास्तीच्या तिन्ही उडवल्या. याला दोन संध्याकाळी लागल्या.

जुन्या वर्षांवरचा आर तसाच आहे. पुढल्या 31 मार्चला या वर्षाच्या फाइलवर टिक मी लावणार आहे, पण नव्या वर्षाची प्रत आधी काढून.